आयर्विनला किती?

पावसाळ्यात सांगली-मिरजेकडच्या माणसाला फोन लावा, तब्येतपाणी राहूदे बाजूला, पहिला प्रश्न हाच. आयर्विनला किती? आयर्विन म्हणजे सांगलीचा 1929 चा पूल, आणि किती म्हणजे तिथल्या पट्टीवर कृष्णेचं पाणी किती फुटाला आहे. 40 म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर इथल्या लोकांना तर आपल्या उंबऱ्याला पाणी कितव्या फुटाला लागतं ते माहीत असतं, त्यामुळं आकडा कानावर पडला की लगेच गॅस सिलिंडर वर चढवायचा का नाही ते ठरतं. पाण्याचा डेटा लोकांपर्यंत पोचणं याला मी म्हणतो. बाकी हवामान बदल, डेटा शेअरिंग, पोर्टल, डॅशबोर्ड असं काहीही बोला, शेवटी त्या आकड्यावरून घरातल्या बाईला सिलिंडर कुठं ठेवायचा ते कळलं का, एवढंच मला बघायचं असतं.

आमचं गाव मिरज तालुक्यात, नदीकाठी, हरिपूरच्या संगमाच्या खाली. आमच्याकडं असा फूट कुणालाच माहीत नव्हता. होती ती फक्त आठवण. 2019 च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही आबांना म्हणत होतो की चला निघू, म्हशी तरी सोडू, तर आबा म्हणाले, "आरं पाच सालाला पायरीपतोर आलतं, त्याच्यावर न्हाई येत." पाच साल म्हणजे 2005 चा महापूर, तेव्हा आयर्विनला 53 फुटाच्या पुढं गेलं होतं, आयुष्यात बघितलेलं सगळ्यात मोठं पाणी. त्यांचं काही चुकीचं नव्हतं. त्यांच्याकडं जेवढा डेटा होता त्यावरून त्यांनी बरोबर हिशोब केला. पण 2019 ला आयर्विन 57 च्या वर गेलं. आम्ही रात्री छातीभर पाण्यातून बाहेर पडलो, दोन म्हशी गेल्या, आणि त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, त्यावर अजून मला नीट बोलता येत नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच आहे. जुनी खूण आता पुरत नाही. दोनच वर्षांनी, जुलै 2021 ला, महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिमी पाऊस पडला. आमच्याच जिल्ह्यातल्या जत तालुक्यात वर्षभराचा पाऊस साधारण एवढाच असतो, म्हणजे तिकडं सगळ्या वर्षाचं पाणी इकडं एका दिवसात डोंगरावर ओतलं आणि ते आमच्याकडंच येणार. हवा एक अंश तापली की तिच्यात साधारण 7 टक्के जास्त बाष्प मावतं, हे फिजिक्स आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 ला दाखवलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर पसरलेली अतिवृष्टी तिपटीनं वाढली. हे कळलं कशामुळं, तर साठ-पासष्ट वर्षं कुणीतरी रोज सकाळी उठून पर्जन्यमापकातलं पाणी मोजून वहीत लिहिलं म्हणून. त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

2021 च्या पुरानंतर आम्ही गावातल्या सहासात जणांनी एक काम केलं. लोकांच्या मोबाईलमधले पुराचे फोटो गोळा केले. प्रत्येकाकडं होतेच, दारात पाणी आलं की पहिला फोटो निघतोच, आणि फोटोत तारीख-वेळ असते. मारुतीच्या देवळाची दुसरी पायरी बुडाली किती वाजता, दूध डेअरीचा कट्टा किती वाजता, शाळेकडचा रस्ता बंद कधी झाला, असे दोन्ही पुरांचे शंभरावर फोटो जमले. मग त्या त्या वेळेला आयर्विनला किती होतं ते व्हॉट्सअ‍ॅपवरचे जुने मेसेज आणि पेपर काढून समोर लिहिलं. त्यातून एक तक्ता झाला, आयर्विनला एवढे फूट म्हणजे आपल्याकडं ही गल्ली, तेवढे म्हणजे तो रस्ता. फ्लेक्सवर छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीला लावला. साधी गोष्ट आहे, पण आता गावात म्हाताऱ्या बायकासुद्धा आयर्विनचा आकडा विचारून तक्त्यापुढं उभ्या राहतात.

तक्ता एकदा चुकला पण. दीड फुटाचा फरक आला, आम्ही हललो. मग लक्षात आलं की वारणा कृष्णेला मिळते हरिपूरला, म्हणजे आयर्विनच्या खाली. वारणेला फुगवटा असला की आयर्विनचा आकडा आमच्यासाठी अर्धाच असतो. म्हणजे आम्हाला वारणेवरच्या चांदोली धरणातून किती सोडलं तेही पाहिजे, कृष्णेला येणारं कोयना धरणातून किती ते पाहिजे, आणि दोन्हीकडं पाऊस किती चालू आहे ते पाहिजे. हे आकडे रोज मोजले जातात, हे मला माहीत आहे. प्रश्न आहे तो आमच्यापर्यंत कसे येतात याचा. येतात ते एका पत्राचा वाकडातिकडा फोटो म्हणून, तो ग्रुपवर फिरतो, त्यावरची तारीख कापली गेलेली असते, आणि पुढच्या वर्षी तोच फोटो पुन्हा फिरतो आणि सगळं गाव पळत सुटतं. आकड्याशेजारी तारीख आणि वेळ नसेल तर तो आकडा नसलेलाच बरा, कारण तो माणसं मारतो.

आणि भाषा. "50 हजार क्युसेक विसर्ग सुरू" हे ऐकून घरात बसलेल्या माणसानं काय समजायचं? हिशोब सोपा आहे, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, 1 लाख क्युसेक दिवसभर चालू राहिला तर 8.64 टीएमसी पाणी होतं, आणि आख्खं कोयना धरण 105 टीएमसीचं. पण हे कुणी सांगत नाही, मला स्वतःला ते पस्तिसाव्या वर्षी कळलं.

कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं तर विचारूच नका. दरवर्षी तेच भांडण, 519.60 मीटरपर्यंत पाणी अडवलं म्हणून आम्ही बुडतो, तिकडचे म्हणतात आमचा संबंध नाही. 2019 नंतर पुराची कारणं शोधायला वडनेरे समिती बसली, 2020 ला अहवाल आला, तरी गल्लीतला वाद तिथंच. मला या वादात आज बाजू घ्यायची नाही. मला एवढंच पाहिजे की कोयना, चांदोली, राधानगरी, राजापूर बंधारा, हिप्परगी, अलमट्टी, सगळ्यांची दर तासाची पातळी, येणारं पाणी आणि सोडलेलं पाणी एकाच पानावर दिसावं, मराठीत आणि कन्नडमध्ये, आणि मागच्या वीस वर्षांचं डाउनलोड करता यावं. मग कॉलेजातलं कुठलंही हुशार पोरगं गणित मांडून बघेल. नदीला राज्याची हद्द माहीत नाही हो, संगमाखाली आमचं पाणी, पुढं हद्द ओलांडली की त्यांचं.

आता दुसरी बाजू, ही आपल्याला बोचणारी आहे. माझे मामा जत भागात. तिकडं पुराचं नाही, बोअरचं दुखणं. मामांनी आजवर सहा बोअर मारल्या, चार कोरड्या. बोअरवाल्या गाडीच्या ड्रायव्हरच्या वहीत आख्ख्या तालुक्याचा डेटा आहे, कुठं किती फुटाला पाणी लागलं, कुठं नुसता फुफाटा उडाला. गावात तो कुणाकडंच नाही. विहिरीची पातळी मोजून बोर्डावर लिहूया म्हणलं तर लोक कचरतात, पाणी आहे असं दिसलं तर टँकर बंद होईल, दुष्काळाच्या यादीतून नाव जाईल. ही भीती खोटी नाही. खरा आकडा सांगणाऱ्याचं नुकसान होणार असेल तर कोण सांगेल? आधी तो नियम बदलला पाहिजे, मग लोकांना प्रामाणिकपणा शिकवा. हिवरे बाजारला जमलं, तिथं दरवर्षी पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पीक ठरतं, पाणी कमी तर जास्त पाण्याचं पीक नाही. तिथं आकडा सगळ्यांचा आहे आणि निर्णयही सगळ्यांचा, म्हणून कुणी लपवत नाही.

मी एका ऑफिसात आमच्या भागातल्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी मागायला गेलो होतो. तीन खेपा, एक अर्ज, आणि शेवटी स्कॅन केलेली पानं मिळाली, निम्मे आकडे पुसट. तिथला क्लार्क भला माणूस होता, त्यानं चहा पाजला, पण त्याच्याकडंही तेवढंच होतं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 मध्ये माहिती आपणहून प्रसिद्ध करा असं 2005 पासून लिहिलेलं आहे. आपल्याच करातून मोजलेलं पाणी आहे, मागायला का लागावं?

तक्त्याचं पुढचं काम चालू आहे, वारणेचा कॉलम जोडायचाय. वारणाकाठच्या गावांतल्या कुणाकडं 2019 किंवा 2021 च्या पुराचे फोटो असतील तर मला मेसेज करा. फक्त एक करा, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवू नका, त्यात वेळ निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि फोटोतली पायरी कुठल्या घराची ते खाली लिहा.