डेव्ह रॉबर्ट्स म्हणजे फक्त एक चोरलेला बेस नव्हे

ऑक्टोबर आला की बेसबॉलच्या चर्चेत एक दावा हमखास फिरतो: लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सने खेळाडू असताना एकच बेस चोरला, त्यावर नाव झालं, नावावर नोकरी मिळाली आणि डॉजर्सच्या पैशावर जेतेपदं. हा दावा मला पटत नाही. त्यात एका माणसाची वीस वर्षांची मेहनत पुसली जाते.

आधी ती चोरी पाहू. बेस चोरणं म्हणजे पिचर (चेंडू टाकणारा) चेंडू टाकत असतानाच पळून पुढचा बेस गाठणं. 17 ऑक्टोबर 2004, बोस्टनचं फेनवे पार्क. न्यूयॉर्क यांकीज सात सामन्यांच्या मालिकेत 3-0 ने पुढे, म्हणजे आणखी एक हार आणि बोस्टन रेड सॉक्स बाहेर. नववी म्हणजे शेवटची इनिंग, रेड सॉक्स एका धावेने मागे. रेड सॉक्सच्या केव्हिन मिलारला वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकटात पहिला बेस) मिळाला आणि त्याच्या जागी पळायला रॉबर्ट्स आला. समोर यांकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा. हा पळणार, हे साऱ्या मैदानाला ठाऊक होतं. रिव्हेराने तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकून त्याला जखडून ठेवायला पाहिलं. नंतर फलंदाजाला टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर रॉबर्ट्स सुटला आणि निसटत्या फरकाने वाचला. त्याचा सहकारी म्यूलरच्या फटक्यावर बरोबरी झाली, जादा खेळाच्या बाराव्या इनिंगमध्ये ऑर्टिझने रेड सॉक्सना सामना जिंकून दिला.

हे नशीब होतं का? पिचरने हालचाल सुरू केल्यापासून दुसऱ्या बेसवर चेंडू पोचेपर्यंत जेमतेम साडेतीन सेकंद मिळतात. तेवढ्यात बेस गाठायचा तर पिचरचा खांदा, टाच, सवयी आधीच वाचलेल्या लागतात. रॉबर्ट्सने हे मॉरी विल्सकडून घोटून घेतलं होतं. विल्स म्हणजे 1962 च्या एका मोसमात 104 बेस चोरणारा माणूस. त्या 2004 च्या नियमित मोसमात रॉबर्ट्सने 41 प्रयत्नांत 38 बेस चोरले. कारकिर्दीत एकूण 243. तेही ड्राफ्टच्या (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या) थेट 28 व्या फेरीत निवडला गेलेला आणि सत्ताविसाव्या वर्षी मोठ्या लीगमध्ये पोचलेला आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागातला क्षेत्ररक्षक)!

राहिली नावावर मिळालेल्या नोकरीची गोष्ट. 2008 मध्ये खेळणं संपलं, 2010 मध्ये हॉजकिन्स लिम्फोमा या कर्करोगाचं निदान झालं. उपचारांनंतर 2011 मध्ये तो सॅन दिएगो पाद्रेजचा पहिल्या बेसचा कोच झाला. या कोचच्या हातात स्टॉपवॉच असतं, पिचरची वेळ मोजून पळणाऱ्याच्या कानात सांगायची. म्हणजे स्वतः जे केलं तेच पोरांना शिकवायचं. मग 2014 पासून बेंच कोच, म्हणजे मॅनेजरचा उजवा हात. डॉजर्सच्या मॅनेजरपदाची धुरा 2016 च्या मोसमात आली, त्या चोरीनंतर तब्बल अकरा वर्षांनी.

डॉजर्सकडे पैसा आहे, हे खरंच. पण तो 2022 मध्येही होता. तेव्हा नियमित मोसमात 111 सामने जिंकून ते प्लेऑफमध्ये (बाद फेऱ्यांत) पाद्रेजकडून पहिल्याच मालिकेत हरले. 2024 च्या प्लेऑफमध्ये त्याच पाद्रेजसमोर पाच सामन्यांच्या मालिकेत ते 2-1 ने मागे पडले, सुरुवात करायला भरवशाचा पिचर उरला नव्हता. चौथ्या सामन्यात रॉबर्ट्सने एकामागून एक आठ पिचर वापरले. पाद्रेजना एकही धाव मिळाली नाही, 8-0. पुढचा सामनाही डॉजर्सनी जिंकला आणि त्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे जेतेपदाची अंतिम मालिकाही.