ब्राम्स, बेसूर आणि बारा पौंड: 'एक जुना रसिक' यांना उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक होती आणि माझं उत्तर त्याहून लांबणार, म्हणून ते प्रतिक्रियांच्या चौकटीत न कोंबता इथे वेगळं टाकतेय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी आमच्या हौशी ऑर्केस्ट्राच्या कॉन्सर्टबद्दल लिहिलं होतं. लंडनच्या एका उपनगरातलं चर्च, कार्यक्रमात शूबर्टची पाचवी सिंफनी आणि ब्राम्सचा व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना), आणि मी दुसऱ्या ओबोच्या खुर्चीत. ओबो म्हणजे सनईसारखं फुंकून वाजवायचं पाश्चात्य वाद्य. त्याआधी व्हिएन्ना फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राच्या मैफलीवरही एक लेख लिहिला होता. त्या दोन्हींवर, पुण्यात रमणबागेपासून 'सवाई' ऐकत आलेला माणूस म्हणून तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. पहिला: "नोकरी सांभाळून वाजवणाऱ्यांनी ब्राम्सच्या वाटेला जाऊ नये. यूट्यूबवर बर्लिन-व्हिएन्नाचे ऑर्केस्ट्रा फुकट ऐकता येत असताना तुमचं बेसूर ऐकायला कोणी बारा पौंड का मोजावेत? आमच्याकडे वर्षानुवर्षं रियाज झाल्याशिवाय गुरू मंचावर पाऊल ठेवू देत नाहीत." दुसरा: "व्हिएन्ना फिलहार्मोनिक ऐकून आलात आणि अख्खा लेख ओबोच्या आकारावर!" आणि तिसरा: "फुंकायचंच होतं तर सनई काय वाईट होती?"

सनईचं आधी, कारण ते चटकन उरकेल. सनई काहीच वाईट नव्हती. ओबोच्या नात्यातलीच ती. दोन पात्यांची रीड, खाली रुंदावत जाणारी नळी. पण सनईला चाव्या नाहीत. मींड आणि श्रुती बोटांनी आणि ओठांनी काढायच्या, आणि ते शिकवणारा गुरू समोर बसलेला हवा. मला तिशी उलटल्यावर जे शिकायला मिळालं ते मी शिकले. शिवाय बसने जाता येईल अशा एका शाळेच्या हॉलमध्ये दर आठवड्याला पन्नास-साठ माणसं ऑफिस सुटल्यावर एकत्र वाजवायला जमतात. तसा जमाव सनईभोवती जमत असता तर मी सनईच घेतली असती.

आता बारा पौंड. कंडक्टरचं आणि एकल व्हायोलिन वाजवणारीचं मानधन, चर्चचं भाडं, टिंपनीचं (मोठ्या नगाऱ्यांचं) भाडं आणि ते वाहून आणणारी व्हॅन, वाजवायच्या पार्टचं, म्हणजे प्रत्येक वाद्याच्या छापील स्वरलिपीचं, भाडं. तिकिटांतून हे सगळं कधीच निघत नाही. उरलेलं आम्ही वाजवणारेच दर सत्राच्या वर्गणीतून भरतो. पदरमोड करून नाटक उभं करणाऱ्या आपल्याकडच्या हौशी मंडळींना यात नवल वाटणार नाही. श्रोत्यांत आमचे नातेवाईक असतात, हे कबूल. पण रात्रीची ट्रेन पकडून मध्य लंडनला जाणं आता झेपत नाही अशी म्हातारी माणसंही असतात, आणि ती आमच्या नातेवाइकांपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतात.

'बेसूर' या शब्दाशी मात्र मला जरा थांबायचंय, कारण सुराबद्दल मला जे काही कळलं ते त्याच हॉलमध्ये कळलं. एका तालमीच्या सुरुवातीला कंडक्टरनं व्हायोलिनवाल्यांना गप्प बसवलं आणि फक्त सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांना एक साधा मेजर कॉर्ड (सा-ग-प एकत्र) धरायला सांगितला. सा बसूनकडे (ओबोच्याच जातीचं, खर्जातलं मोठं वाद्य), पंचम क्लॅरिनेटकडे, मधला गंधार माझ्याकडे. कंडक्टर म्हणाला, "दुसरा ओबो, थोडा खाली." माझ्या स्टँडवर सूर मोजणारा ट्यूनर चिकटवलेला होता आणि त्याचा काटा बरोबर मध्यावर होता. मी तो दाखवला. शेजारी बसणाऱ्या पहिल्या ओबोवाल्या बाईंनी काही न बोलता ट्यूनर काढून माझ्या बॅगेत टाकला. मग म्हणाल्या, "बसूनचा सा ऐक." मी ओठ किंचित सैल सोडले, सूर उतरला, आणि एका क्षणी कॉर्डमधली थरथर थांबली.

तुम्ही तंबोरे ऐकत आलात, तुम्हाला हे सांगायला नको. तो काटा पियानोचा, म्हणजेच हार्मोनियमचा गंधार दाखवत होता. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार त्याहून साधारण 14 सेंट खाली असतो, म्हणजे अर्धस्वराच्या जवळजवळ सातव्या हिश्शाने. हार्मोनियमवर आकाशवाणीनं 1940 पासून सुमारे तीस वर्षं बंदी घातली, तिच्यामागच्या वादात हाही मुद्दा होता. तो वाद मला पाठ होता. गंधार मात्र कानाला कळला तो त्या शाळेच्या हॉलमध्ये, आणि गंमत म्हणजे कळल्यानंतरही दर वेळी लागतोच असं नाही. कारण बसून जरा चढला की माझाही गंधार चढवावा लागतो, क्लॅरिनेट वाजता वाजता गरम होऊन वर सरकतं, आणि चर्चमधल्या गारठ्यात ओबो खाली जायला बघतो. तुम्ही ज्याला बेसूर म्हणालात ते बहुतेक वेळा अकरा-बारा माणसांनी एकमेकांचा सूर शोधण्यातलं अर्धं सेकंद असतं. ते तुम्हाला ऐकू आलं याबद्दल मला वाईट वाटत नाही. ज्यांना ऐकू आलं नाही त्यांच्याबद्दल जरा वाटतं.

नोकरी सांभाळून म्हणालात, तर ओबोची दुसरी नोकरी कोणती तेही ऐका. रीड. फ्रान्सच्या दक्षिणेला व्हार भागात होणारा एक बोरू असतो. त्याची पातळ पट्टी दुमडून लहानशा धातूच्या नळीवर दोऱ्यानं आवळून बांधायची, टोक कापून दोन पाती मोकळी करायची, आणि मग त्यांच्यामध्ये पत्र्याची जीभ सरकवून सुरीनं खरवडत बसायचं. टोकाशी ती कागदाहून पातळ व्हावी लागते. एक घास जास्त गेला की रीड केराच्या डब्यात. चांगली जमली तर थोडे आठवडे चालते, तेही हवा मेहेरबान असली तर. स्वयंपाकघरात गोड बोलणारी रीड कॉन्सर्टच्या दुपारी चर्चमध्ये नुसती घोगरते. त्यात लाकूड थंड असताना गरम फुंक मारली तर तडा जायची भीती, म्हणून वाजवण्याआधी ओबोचा वरचा तुकडा कोटाच्या आत काखेत धरून बसायचं. चावीखाली पाणी साचलं की ते टिपायला सिगारेटचा कागद लागतो. माझ्या ओबोच्या पेटीत ती पाकिटं पहिल्यांदा पाहिली तेव्हा आई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती.

हे सगळं सांगितलं ते दुसऱ्या आक्षेपासाठी. मी व्हिएन्ना फिलहार्मोनिक ऐकलं ते प्रॉम्समध्ये, म्हणजे लंडनच्या उन्हाळी मैफलींमध्ये. या मैफली 1895 पासून चालू आहेत. 1941 मध्ये त्यांचं जुनं सभागृह, क्वीन्स हॉल, बॉम्बखाली गेलं आणि त्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आल्या. तिथे मंचासमोरच्या मोकळ्या जागेत उभ्यानं ऐकणाऱ्यांना अगदी स्वस्तात तिकीट मिळतं. पाय दुखतात, पण वाद्यं हाताच्या अंतरावर दिसतात. आणि व्हिएन्नाचा ओबो जगावेगळा आहे. बाकी सगळीकडे फ्रेंच घडणीचा ओबो चालतो. व्हिएन्नानं आपला जुना जर्मन वळणाचा ठेवला. त्याची आतली नळी वेगळी, बोटं वेगळी, वरच्या टोकाशी कांद्यासारखा फुगवटा. त्याचा सूर खालच्या सप्तकात धारदार आणि वर गेला की एकदम गोल होतो. आता सांगा, मी दर आठवड्याला ज्या वाद्याशी झटापट करते त्याचा असा भाऊबंद दहा पावलांवर वाजत असताना मी कंडक्टरच्या केसांबद्दल लिहायचं? सिंफनीबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. रीड बदलायला खाली वाकलेला माणूस कोणत्या ठिकाणी वाकला, त्याच्यापुढे आणखी किती अवघड जागा उरल्या होत्या आणि त्यानं श्वास कुठे सोडला, हे मराठीत मी नाही लिहिलं तर कोण लिहिणार? हो, सोडला. रीडचं तोंड इतकं बारीक असतं की ओबोवाल्याचा दम संपत नाही, साठतो. शिळी हवा आधी बाहेर टाकायची, मग नवी घ्यायची, आणि सूर तुटला असं कोणाला वाटता कामा नये. संगीतकार शूमाननं 1849 मध्ये ओबोसाठी तीन रोमान्स लिहिले, त्यांत श्वासाला फारशी जागाच नाही. त्याला हे बहुधा कोणी सांगितलंच नव्हतं. यूट्यूबवर हा श्वास दिसत नाही, कारण कॅमेरा तेव्हा व्हायोलिनांवर असतो.

राहता राहिला ब्राम्स आणि मंचावर चढायचा हक्क. इथे मी तुम्हाला तुमच्याच बाजूचा दारूगोळा पुरवते. व्हिएन्नात 1812 मध्ये संगीतप्रेमींची एक संस्था निघाली, गेझेलशाफ्ट डेर मुझिकफ्रॉइंडे. तिच्या सुरुवातीच्या काळात ऑर्केस्ट्रात मुख्यतः हौशी मंडळी वाजवायची. शूबर्टनं आपली मोठी सी मेजर सिंफनी याच संस्थेला दिली होती आणि ती फार अवघड म्हणून बाजूला ठेवली गेली. 1838-39 च्या हिवाळ्यात शूमानला तिचं हस्तलिखित शूबर्टच्या भावाकडे सापडलं आणि मग 1839 मध्ये संगीतकार मेंडेल्सोननं ती लाइपझिगला वाजवली. तोवर शूबर्टला जाऊन दहा वर्षं उलटली होती. पुढे 1872 मध्ये या संस्थेच्या मैफलींची सूत्रं हाती घेतली ती साक्षात ब्राम्सनं, आणि ऑर्केस्ट्रातल्या हौशी लोकांना बाहेर काढून तिथे सगळे व्यावसायिक बसवले. हे तुम्हाला ठाऊक असतं तर तुमच्या प्रतिक्रियेला आणखी धार आली असती.

पण त्याच गावातली दुसरी गोष्ट. शूबर्टच्या घरी चौकडी वाजायची. वडील चेलो, दोघे भाऊ व्हायोलिन, तो स्वतः व्हिओला. ओळखीपाळखीचे वाढत गेले, बैठकीची खोली पुरेना, मंडळी मोठ्या घरांत जाऊ लागली आणि त्याचा छोटा ऑर्केस्ट्रा झाला. बहुतेक हौशी, थोडे व्यावसायिक. 1816 मध्ये एकोणीस वर्षांच्या शूबर्टनं पाचवी सिंफनी लिहिली, ती या घरगुती मंडळींनी वाजवली. तिची वाद्यं पाहा. एक फ्लूट, दोन ओबो, दोन बसून, दोन हॉर्न आणि तंतुवाद्यं. क्लॅरिनेट नाही, ट्रंपेट नाही, टिंपनी नाही. जाहीर मैफलीत ती वाजली 1841 मध्ये, शूबर्ट गेल्यावर तेरा वर्षांनी. म्हणजे मधली पंचवीस वर्षं ती फक्त दिवाणखान्यातल्या लोकांना माहीत होती. हौशी लोकांनी मंचावर येऊ नये असं तुम्ही म्हणता तेव्हा मला विचारावंसं वाटतं, मग ही सिंफनी लिहिली कोणासाठी?

आणि ब्राम्सनं हौशी वादक काढले तरी त्याच संस्थेचा गायकवृंद, जिंगफेराइन, काढला नाही. तो आजही हौशी लोकांचाच आहे आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर गातो. संस्थेनं 1870 मध्ये बांधलेली इमारत म्हणजे तुम्ही यूट्यूबवर बघता तो सोनेरी सभागृहाचा मुझिकफेराइन. त्या सातबाऱ्यावर नाव आजही संगीतप्रेमींचंच आहे.

ब्राम्सचा कॉन्चेर्टो आम्ही का घेतला, तर त्याच्या दुसऱ्या भागासाठी. तिथे चाल आधी ओबोला मिळते आणि व्हायोलिनवादक हातात वाद्य धरून ऐकत उभा राहतो. त्या काळचा नामवंत व्हायोलिनवादक सारासाते यानं हा कॉन्चेर्टो वाजवायला नकार दिला तो याच रागातून, असं सांगतात. आमच्या पहिल्या ओबोवाल्या बाई दिवसभर शाळेत गणित शिकवतात. ती चाल त्यांनी कित्येक महिने घोटली. त्या वाजवत असताना शेजारी बसून मला दिसत होती ती त्यांची लाल होत गेलेली मान, आणि माझं काम होतं त्यांच्या वाटेत न येणं. तुम्ही गुरूंचा जो नियम सांगता तो एकट्यानं दोन तास राग मांडणाऱ्याचा आहे आणि तो मला शंभर टक्के मान्य आहे. पण एकादशीला विठ्ठल मंदिरात भजनी मंडळ बसतं तेव्हा चौथ्या टाळकऱ्याला रियाज किती झाला हे कोणी विचारत नाही. त्यानं समेवर असावं एवढंच. दुसरा ओबो म्हणजे तो चौथा टाळकरी.

यातून आमचा ब्राम्स बर्लिनच्या तोडीचा ठरत नाही. रावेलच्या 'तोंबो द कुप्रँ'च्या वाटेला आम्ही जात नाही, कारण त्यातला ओबोचा पार्ट पाहूनच बाई हसल्या होत्या. आपली कुवत बघून कार्यक्रम ठरवणं हे आम्हालाही जमतं. ब्राम्स कुवतीच्या थोडा बाहेर होता, शूबर्ट आतला होता. एक आतला, एक बाहेरचा, असंच आमचं धोरण आहे आणि ते मी बदलायला सांगणार नाही.

मुलगी रेडिंगला असते आणि हिवाळ्यात तिच्याकडे येणार आहात, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. आमची पुढची कॉन्सर्ट नोव्हेंबरात आहे, बेथोव्हनची पाचवी. पहिल्या भागात सगळा गदारोळ एकदम थांबतो आणि पहिला ओबो एकटाच दोन ओळी बोलतो, ते कान देऊन ऐका. तुमच्या समोरून पाहिलं तर ओबो मधोमध, फ्लूटच्या उजव्या हाताला. मी त्यातली आणखी उजवीकडची. गंधार चढला तर मध्यंतरात येऊन तोंडावर सांगा. ज्येष्ठांना तिकीट दहा पौंडांत आहे, चहाचे पैसे वेगळे, आणि चर्चमध्ये थंडी मरणाची असते, तेव्हा कोट काढू नका.