मुंबईच्या आयांनो, दूध पिळून टाकू नका

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मुंबईची हवा आणि पाणी इतकं नासलंय की आईच्या दुधात प्लास्टिक आणि कीटकनाशकं उतरतात. रोजचं पहिलं दूध पिळून टाका आणि तीन महिन्यांनी अंगावरचं तोडून डब्याचं सुरू करा, असं त्यात म्हटलंय. भांडुपला माझी भाची बाळंतीण आहे. परवा पहाटे ती बेसिनशी उभी राहून दूध पिळत होती आणि आत बाळ भुकेनं टाहो फोडत होतं. पोटात तुटलं माझ्या.

आधी प्लास्टिकचं बघू. २०२२ साली इटलीत ३४ आयांचं दूध तपासलं, २६ जणींच्या दुधात सूक्ष्म कण सापडले. हे खरंच आहे. पण २०२० साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी, डब्याचं दूध कालवतात तसं, पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकच्या, बाळाच्या दुधाच्या बाटल्यांत गरम पाणी हलवून पाहिलं. लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत कण सुटले! मेसेज लिहिणाऱ्यानं हे का गाळलं?

कीटकनाशकांचं म्हणाल तर डीडीटीसारखी रसायनं चरबीत साठतात आणि दुधात उतरतात, हे शास्त्रज्ञांना कित्येक दशकं ठाऊक आहे. शरीरात काय साठलंय हे कळायला आईचं दूध सोयीचं पडतं, सुई टोचावी लागत नाही, म्हणून जगभर तेच तपासतात. साहजिकच बातमीही त्याचीच होते. स्वीडनमध्ये अशा रसायनांवर बंदी आल्यावर दुधातलं त्यांचं प्रमाण वर्षागणिक घसरत गेलं. हे सगळं माहीत असूनच जागतिक आरोग्य संघटना सांगते की सहा महिने फक्त अंगावरचं, मग वरच्या खाण्यासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. आणि डब्यातली पावडर तरी कुठून येते? बहुतेक गाईच्याच दुधातून, आणि कालवायची आपल्याच नळाच्या पाण्यात. पाणी उकळून जंतू मरतात, शिसं जात नाही.

पहिलं दूध टाकण्याला तर काहीच आधार नाही. पाजताना सुरुवातीचं दूध पातळ असतं, चरबी नंतरच्या दुधात जास्त. म्हणजे मेसेजच्याच हिशेबानंही ही उलटी गंगा. वर बाळ उपाशी ते उपाशीच.

शीवच्या टिळक रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली दुग्धपेढी निघाली. मुंबईतल्याच आयांनी दिलेलं दूध तिथे पाश्चराइझ करून अपुऱ्या दिवसांच्या, मुठीएवढ्या बाळांना पाजतात.

एचआयव्ही असेल, कर्करोगाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. बाकीच्यांनी काळजी जरूर करावी, पण घरातल्या गोष्टींची. मशेरी लावत असाल तर सोडा, तिच्यातलं निकोटिन दुधात उतरतं. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती बंद. खोली कोंडून शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी नको, तो धूर थेट बाळाच्या छातीत जातो. काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. मासे खुशाल खा. मोरी-सुरमईसारख्या मोठ्या माशांत पारा जास्त साठतो, म्हणून ते कमी आणि बोंबील, मांदेली जास्त.

भाचीला हे सगळं सांगितलं तेव्हा तिनं आधी बाळाला पदराखाली घेतलं, मग तो मेसेज पाठवणाऱ्या जाऊबाईंना फोन लावला.