मॅलॉकपुढे कास्ट लावलाच पाहिजे, हे सीमध्ये खरं नाही

सी ही प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्यांच्या नोट्समध्ये एक वाक्य सर्रास फिरतंय: ‘मॅलॉक व्हॉइड पॉइंटर परत करतो, म्हणून कास्ट दिला नाही तर प्रोग्राम चुकीचा ठरतो.’ मॅलॉक म्हणजे मेमरी मिळवून तिचा पत्ता (पॉइंटर) देणारं फंक्शन, व्हॉइड पॉइंटर म्हणजे कुठल्या प्रकारच्या डेटाचा हे न सांगणारा पत्ता, आणि कास्ट म्हणजे त्याचा प्रकार कोडमध्ये स्वतः लिहून बदलणं. वरचं वाक्य चूक आहे.

1989 च्या एएनएसआय (अमेरिकेची मानक संस्था) मानकापासून सीमध्ये व्हॉइड पॉइंटर कुठल्याही डेटाच्या पॉइंटरमध्ये आपोआप बदलतो. त्याआधी मॅलॉक कॅरेक्टर पॉइंटर द्यायचा, तेव्हा कास्ट लागायचा. सी++ मध्ये तो आजही सक्तीचा आहे, आणि आपल्याकडे बरेच विद्यार्थी सीचा कोड सी++ च्याच कंपायलरवर चालवतात. तिथे एरर दिसली की दोष सीच्या माथी येतो.

उलट कास्टने नुकसानच झालंय. एसटीडीलिब हेडर (कंपायलरला मॅलॉकची ओळख करून देणारी फाइल) जोडायचं राहिलं, तर जुना कंपायलर ‘मॅलॉक इंट (साधारण 4 बाइटचा पूर्णांक) परत करतो’ असं गृहीत धरायचा. कास्ट नसेल तर निदान वॉर्निंग यायची. कास्ट असला की तीही दबायची. मग 64 बिट मशीनवर 8 बाइटच्या पत्त्यातले साधारणपणे 4 बाइटच हाती लागायचे आणि प्रोग्राम भलत्याच ओळीवर कोसळायचा. 1999 च्या मानकाने हे गृहीतक काढून टाकलं.

जपायचं ते मॅलॉककडे मागायच्या आकाराला. साइझऑफ (आकार बाइटमध्ये सांगणारा ऑपरेटर) याच्यापुढे इंट किंवा डबल असं प्रकाराचं नाव लिहू नका, स्टार लावून त्याच पॉइंटरचं नाव लिहा. उद्या प्रकार बदलला तरी हिशेब बरोबर राहतो. आणि पॉइंटर वापरण्याआधी तो नल (रिकामा, म्हणजे मेमरी मिळालीच नाही) नाही ना, हे तपासा. कंपायलर ते तुमच्यासाठी करणार नाही.