एका धडकेने ख्रिश्चन ओकोये संपले नव्हते

अमेरिकन फुटबॉलमधली काही सेकंदांची एक जुनी चित्रफीत समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरत असते. चेंडू छातीशी धरून एक धिप्पाड खेळाडू पुढे झेपावतो, समोरून त्याच्याहून सडसडीत बचावपटू येतो, दोघे एकमेकांवर आदळतात आणि धिप्पाड माणूस जागच्या जागी थोपवला जातो. चेंडू घेऊन धावणारे आहेत कॅन्सस सिटी चीफ्स संघाचे ख्रिश्चन ओकोये आणि त्यांना अडवणारे आहेत डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाचे स्टीव्ह ॲटवॉटर. दिवस 17 सप्टेंबर 1990. या चित्रफितीसोबत जो मजकूर फिरतो त्याचा आशय थोड्याफार फरकाने एकच असतो: आफ्रिकेतून आलेल्या, फुटबॉलचा गंधही नसलेल्या एका राक्षसी ताकदीच्या माणसाने निव्वळ अंगबळावर रातोरात अमेरिकेचे मैदान मारले, पुढे वीस किलोंनी हलक्या असलेल्या एका बचावपटूने त्याला एकदाच आडवे केले आणि तिथे त्याची कारकीर्द संपली.

या मजकुरातली धडक खरी आहे, तिची ताकदही खरी आहे. बाकीचे प्रत्येक विधान एक तर चुकीचे आहे किंवा अर्धवट आहे. एका स्थलांतरित खेळाडूने परक्या देशात, परक्या खेळात वर्षानुवर्षे शिकून मिळवलेली जागा त्यातून पुसली जाते आणि मागे उरते ते केवळ एक मोठे शरीर. म्हणून या दाव्याचा एकेक भाग घेऊन त्याची तपासणी करणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान असे की ओकोये आफ्रिकेतून आलेला, खेळाची कसलीही घडण नसलेला कच्चा माणूस होता. ओकोये यांचा जन्म 1961 साली नायजेरियातल्या एनुगू शहरात, इग्बो कुटुंबात झाला. ते सहा वर्षांचेही नव्हते तेव्हा नायजेरियातले यादवी युद्ध सुरू झाले, आणि एनुगू ही तर नायजेरियातून फुटून निघू पाहणाऱ्या, इग्बोबहुल बियाफ्राची पहिली राजधानी होती. 1967 ते 1970 या काळातले इग्बो मुलाचे बालपण म्हणजे काय असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. त्यातून वर आलेला हा मुलगा मैदानी खेळांत, विशेषतः फेकीच्या प्रकारांत पुढे गेला आणि त्याच गुणांवर 1980 च्या दशकाच्या सुरुवातीस कॅलिफोर्नियातल्या अझुसा पॅसिफिक या छोट्या ख्रिस्ती विद्यापीठात दाखल झाला. नायजेरियाचे धावपटू इनोसंट एग्बुनिके हेही याच विद्यापीठाचे विद्यार्थी होते. गोळाफेक, थाळीफेक आणि हातोडाफेक या तीन प्रकारांत मिळून ओकोये यांनी तिथे छोट्या महाविद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेची सात विजेतेपदे मिळवली.

ज्याला थाळीफेकीचा वर्तुळातला फिरकीचा पवित्रा ठाऊक आहे तो अशा माणसाला कच्चा म्हणणार नाही. अडीच मीटर व्यासाच्या वर्तुळात शरीर दीड फेरा फिरवून, तोल न जाऊ देता, पायांतला जोर कमरेतून खांद्यात आणि खांद्यातून बोटांत नेणे ही वर्षांच्या सरावाने येणारी कला आहे. ओकोये फुटबॉलमध्ये नवखे होते हे खरे, पण स्वतःच्या शरीराचा वापर करण्यात ते नवखे मुळीच नव्हते. त्यांचे उद्दिष्टही फुटबॉल नव्हते, ऑलिम्पिक होते. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी नायजेरियाच्या संघात त्यांना जागा मिळाली नाही, आणि त्या निराशेनंतर, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी विद्यापीठाच्या फुटबॉल संघात पाऊल टाकले.

दुसरे विधान ‘रातोरात’ अव्वल होण्याचे. 1984 ते 1986 अशी तीन वर्षे ओकोये अझुसा पॅसिफिककडून खेळले. हे विद्यापीठ मोठ्या, दूरचित्रवाणीवर झळकणाऱ्या विद्यापीठांपैकी नव्हते. त्यामुळे तिथली कामगिरी कितीही चांगली असली तरी व्यावसायिक संघांनी ती गंभीरपणे घ्यावी यासाठी देशभरातल्या निवडक खेळाडूंसमोर ती सिद्ध करावी लागणार होती. ती संधी सीनियर बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यात मिळाली आणि तिथे त्यांनी चार टचडाउन केले, म्हणजे चार वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेला. 1987 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या वार्षिक खेळाडू निवडीत, चीफ्सनी त्यांना दुसऱ्या फेरीत, एकूण 35 व्या क्रमांकावर घेतले. मात्र त्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत चीफ्सनी त्याच जागेवर, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक म्हणून, खेळणाऱ्या पॉल पामर यांना आधीच निवडले होते, हे प्रसारित मजकुरात कधीच येत नाही. ओकोये यांच्याकडे तयार चमत्कार म्हणून खुद्द त्यांचा संघही पाहत नव्हता.

पुढचे आकडे अधिक बोलके आहेत. खेळाडूंच्या संपामुळे विस्कटलेल्या 1987 च्या हंगामात त्यांनी चेंडू घेऊन धावत 660 यार्ड अंतर मिळवले आणि 1988 मध्ये 473. 1989 मध्ये मार्टी शॉटनहायमर मुख्य प्रशिक्षक म्हणून आले, त्यांनी चेंडू हातात घेऊन धावण्याला संघाच्या डावपेचांच्या केंद्रस्थानी ठेवले, आणि तेव्हा कुठे ओकोये यांनी 1480 यार्ड व 12 टचडाउनसह एनएफएल या संपूर्ण व्यावसायिक लीगमध्ये अव्वल स्थान मिळवले. पहिल्यांदा फुटबॉल हातात घेतल्यापासून इथवर यायला पाच वर्षे लागली होती. त्या हंगामात दुसऱ्या क्रमांकावर राहिले ते डेट्रॉइट लायन्सचे बॅरी सँडर्स, 1470 यार्डांसह, आणि सँडर्स यांची गणना या खेळाच्या इतिहासातल्या सर्वश्रेष्ठ धावणाऱ्या खेळाडूंमध्ये होते. त्यांच्याहून एका हंगामात दहा यार्ड का होईना पुढे राहणे ही योगायोगाने घडणारी गोष्ट नाही.

तिसरे विधान म्हणजे ओकोये यांच्याकडे फक्त ताकद होती. हे विधान सर्वांत सहज पटते, कारण शरीर डोळ्यांना दिसते आणि कौशल्य दिसत नाही. ओकोये यांचे वजन सुमारे 118 किलो होते. त्यांना अडवायला येणाऱ्या त्या काळच्या अनेक लाइनबॅकरपेक्षा, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूंपेक्षा, ते जड होते आणि एवढे वजन घेऊन ते वेगाने धावत. तरीही रनिंग बॅक या जागेवरच्या खेळाडूचे काम समोरच्याला ढकलून पाडणे हे नसते. आपल्या पुढे उभे असलेले सहकारी प्रतिस्पर्ध्यांना कुठे रेटत आहेत, त्यामुळे फट कुठे उघडणार आहे, याचा अंदाज त्याला क्षणार्धात बांधावा लागतो. फट उघडेपर्यंत पाय आवरायचे आणि उघडताच पूर्ण वेग घ्यायचा, हा संयम पोलादी मांड्यांतून येत नाही. त्यातच, अंगावर माणसे कोसळत असताना चेंडू निसटू द्यायचा नसतो. हे ज्याला जमत नाही त्याच्या हाती कोणताही शहाणा प्रशिक्षक एका हंगामात 370 वेळा चेंडू सोपवणार नाही. शॉटनहायमर यांनी तो सोपवला, आणि त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक वेळा चेंडू घेऊन धावणारे खेळाडू ओकोयेच होते.

ताकदीच्या कथेत आणखी एक गोष्ट झाकली जाते, ती म्हणजे फट पाडून देणारे सहकारी. 1989 च्या चीफ्स संघात अशी वाट काढून देणाऱ्या पुढच्या फळीत जॉन आल्ट होते, आणि तिच्या मध्यभागी होते पिट्सबर्ग संघाकडून दीर्घ कारकीर्द करून आलेले माइक वेब्स्टर. या लोकांच्या कामाशिवाय ते 1480 यार्ड झालेच नसते. ओकोये सर्वगुणसंपन्न होते असा माझा दावा नाही. त्यांनी सहकाऱ्याने फेकलेले चेंडू, म्हणजे पास, फार थोडे पकडले, आणि त्यांची धावण्याची ढब काहीशी ताठ होती. याच ढबीमुळे समोरच्याला धडकण्यासाठी छातीचा मोठा पृष्ठभाग मिळे. ॲटवॉटर यांच्या धडकेचे स्पष्टीकरण इथेच सापडते: सुमारे 98 किलोंचा बचावपटू बचावाच्या मागच्या फळीतून वेग घेऊन, अंग नीट सावरून, सरळ रेषेत आला आणि ओकोये यांचा वेग पूर्ण लागण्याआधी त्यांच्यावर आदळला. त्यात ॲटवॉटर यांचे उत्तम तंत्र होते. ओकोये यांच्या पराक्रमाचा फुगा फुटल्याचा पुरावा त्यात नाही.

आता मुख्य विधान. ती धडक 1990 च्या हंगामातल्या दुसऱ्याच सामन्यात, डेन्व्हरच्या माइल हाय स्टेडियममध्ये, सोमवारी रात्री देशभर प्रक्षेपित होणाऱ्या सामन्यात झाली. ब्रॉन्कोजनी तो सामना 24-23 असा अवघ्या एका गुणाने जिंकला. म्हणजे एका क्षणात चीफ्सचा कणा मोडला असे म्हणावे, तर त्या सामन्यातसुद्धा तसे दिसले नाही. आणि त्या वर्षी चीफ्सनी 11 सामने जिंकून बाद फेरी गाठली. ओकोये त्या हंगामात 14 सामने खेळले, 245 वेळा चेंडू घेऊन धावले आणि त्यांनी 805 यार्ड व 7 टचडाउन केले. कबड्डीत एका चढाईत जबरदस्त पकड बसली म्हणून त्या चढाईपटूचा खेळ संपला असे आपण म्हणत नाही, आणि इथेही म्हणण्याचे कारण नाही.

यावर एक वाजवी आक्षेप घेता येतो, आणि तो टाळणे योग्य होणार नाही. 1989 मध्ये प्रत्येक धावेला सरासरी 4 यार्ड मिळत होते, 1990 मध्ये ही सरासरी 3.3 वर आली. ही घसरण धडकेमुळे झाली असे कोणी म्हणू शकेल. पण त्याच हंगामात चीफ्समध्ये बॅरी वर्ड यांचा उदय झाला. त्यांनी 204 वेळा धावून 1015 यार्ड केले आणि ओकोये यांच्या वाट्याचे बरेच काम त्यांच्याकडे गेले. आदल्या वर्षी 370 वेळा मार सोसलेले शरीर पुढच्या वर्षी मंदावणे हे या जागेवर खेळणाऱ्या अनेकांच्या बाबतीत घडलेले आहे. आणि धडकेने खरोखरच ओकोये यांचे धैर्य खचले असते, तर ते पुढच्या वर्षी दिसायला हवे होते. पुढच्या वर्षी काय झाले? 1991 मध्ये ओकोये यांनी 225 वेळा धावून 1031 यार्ड मिळवले, 9 टचडाउन केले आणि त्यांची प्रो बोल या मानाच्या सामन्यासाठी दुसऱ्यांदा निवड झाली. सरासरी 4.6 यार्ड, म्हणजे त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीतली सर्वोत्तम. ज्या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असतात, तिथे 3.3 वरून 4.6 वर जाणे हा फार मोठा फरक आहे. कारकीर्द ‘संपल्यानंतर’ चौदा-पंधरा महिन्यांत कोणी आपल्या आयुष्यातली सर्वांत सकस धाव धावत नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत टेक्मो सुपर बोल नावाचा व्हिडिओ गेम बाजारात आला. त्यातले ओकोये आजही त्या पिढीच्या आठवणीत आहेत, कारण पडद्यावर त्यांना पाडणे जवळजवळ अशक्य होते, बचावपटू त्यांना भिडून दूर फेकले जात. त्या धडकेनंतर वर्ष उलटले तरी ओकोये यांची लोकांमधली प्रतिमा ही अशी होती. आज फिरणारी कहाणी त्या काळाने लिहिलेली नाही.

1992 मध्ये ओकोये यांनी 448 यार्ड केले. दिसायला हा आकडा लहान आहे, पण याच हंगामात त्यांनी एड पोडोलाक यांचा 4451 यार्डांचा चीफ्सचा कारकिर्दीतला विक्रम मागे टाकला आणि एकूण 4897 यार्ड व 40 टचडाउनवर ते थांबले. त्यानंतर ते खेळले नाहीत. गुडघ्यांच्या दुखापती होत्या आणि वय एकतिशी ओलांडून गेले होते. व्यावसायिक फुटबॉलमध्ये त्यांचे पदार्पणच सव्विसाव्या वर्षी झाले होते, तर या जागेवरचे बहुतेक खेळाडू तिशीच्या आसपास उतरणीला लागतात. कारकिर्दीत ते एकूण 1246 वेळा चेंडू घेऊन धावले, त्यांतले जवळपास तीस टक्के एकट्या 1989 मध्ये. ओकोये यांच्या कारकिर्दीचा शेवट कशाने झाला याचे उत्तर या आकड्यांत आहे.

ज्यांना एका धडकेची गोष्ट मनोरंजक वाटते त्यांनी माइक वेब्स्टर यांचे पुढे काय झाले तेही वाचावे. 2002 मध्ये वेब्स्टर यांचे निधन झाले आणि त्यांच्या मेंदूची तपासणी डॉ. बेनेट ओमालू यांनी केली. हे ओमालूही नायजेरियातले इग्बो, बियाफ्रा युद्धाच्या काळात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत आलेले. फुटबॉलपटूच्या मेंदूला वर्षानुवर्षांच्या लहानमोठ्या आघातांनी होणारी इजा त्यांनी 2005 मध्ये वैद्यकीय नियतकालिकातून जगासमोर मांडली. हा खेळ शरीराची झीज साठत नेतो. ती झीज चित्रफितीत मावत नाही, म्हणून चित्रफीत पाहणाऱ्यांना एकच धडक दिसते.

‘त्या दिवसानंतर ओकोये विस्मृतीत गेले’ ही पुरवणीही काही ठिकाणी जोडलेली असते. चीफ्सनी 2000 मध्ये त्यांना आपल्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे सन्मानित खेळाडूंच्या दालनात, स्थान दिले, ते कॅलिफोर्नियातच स्थिरावले आणि त्यांनी तिथे कॅलिफोर्निया स्पोर्ट्स हॉल ऑफ फेमची स्थापना केली. एवढे पुरेसे आहे.

या दाव्यात स्टीव्ह ॲटवॉटर यांच्यावरही अन्याय होतो, आणि तो मला तितकाच खटकतो. 1989 च्या ड्राफ्टमधून आलेले ॲटवॉटर आठ वेळा प्रो बोलसाठी निवडले गेले, सुपर बोल या लीगच्या अंतिम सामन्यातल्या ब्रॉन्कोजच्या सलग दोन विजयांत त्यांचा वाटा होता आणि 2020 मध्ये त्यांची व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. दशकभर डेन्व्हरच्या बचावाची मागची फळी त्यांनी सांभाळली. कोणाची तरी कारकीर्द उद्ध्वस्त करणारा माणूस एवढीच त्यांची ओळख उरावी, तीही जी कारकीर्द त्यांनी उद्ध्वस्त केलेलीच नाही तिच्यासाठी, हे त्यांच्या कामाला न शोभणारे आहे.