स्पोक आवळल्याने वाकलेली रिम सरळ होत नाही

पावसाळ्यात रस्त्यांवर खड्डे पडले की मोटरसायकलस्वारांमध्ये एक सल्ला हमखास फिरू लागतो: स्पोकचे चाक वाकले, तर टायर न काढता, रिम ज्या बाजूला झुकते तिच्या विरुद्ध बाजूचे स्पोक आवळत जावे, चाक घरच्या घरी सरळ होते, आणि स्पोक जितके घट्ट तितके चाक मजबूत. या सल्ल्यातील एक तुकडा खरा आहे आणि त्याच्या जोरावर बाकीचेही खपून जाते.

रिम डावीकडे झुकत असेल, तर हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) उजव्या कडेपासून निघालेले स्पोक आवळल्यावर ती उजवीकडे ओढली जाते, हे खरे आहे. पण त्याच जागेचे डावे स्पोक तेवढेच सैल करावे लागतात. नुसते आवळत गेल्यास रिम तेथे हबकडेही खेचली जाते आणि आडवी आऊट (चाक फिरताना रिमचे डावीकडे-उजवीकडे डोलणे) निघता निघता उभी आऊट (रिमचे वर-खाली होणे) तयार होते. म्हणून निपल, म्हणजे रिमपाशी स्पोकवर बसणारे छोटे नट, एका वेळी पाव फेराच फिरवावे आणि प्रत्येक वेळी चाक फिरवून पाहावे. अनेक सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दोन्ही प्रकारच्या आऊटसाठी २ मिमी ही कमाल मर्यादा दिलेली असते.

सल्ल्याची मुख्य चूक मात्र याहून खोल आहे. स्पोक फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. खड्ड्याच्या कडेवर आदळून रिम हबच्या दिशेने दबली असेल, तर तो दबका बाहेर काढण्याची ताकद कोणत्याही स्पोकमध्ये नसते. सगळे स्पोक सैल करूनही रिम वाकडीच राहत असेल, तर दोष रिमच्या धातूत आहे. लोखंडी रिमचा किरकोळ बेंड कुशल कारागीर स्पोक सैल करून प्रेसवर काढू शकतो; ॲल्युमिनियमची रिम असे करताना तडकण्याचा धोका असतो, आणि निपलच्या भोकापाशी तडा दिसला तर ती बदलणे हाच मार्ग उरतो.

धातूतच वाकलेली रिम केवळ स्पोकच्या ताणाने सरळ ‘दिसेल’ अशी बसवली, तर काही स्पोक कमालीचे ताणलेले आणि शेजारचे सैल राहतात. चाक फिरताना जमिनीकडे आलेल्या स्पोकांचा ताण प्रत्येक फेऱ्यात कमी होतो. त्यातले सैल स्पोक पूर्ण ढिले पडून पुन्हा झटक्याने ताणले जातात आणि हबजवळच्या वळणावर धातू थकून तुटतात. एक तुटला की त्याचा भार शेजारच्यांवर पडतो. उलट सगळेच स्पोक अति आवळल्यास निपलचे आटे जातात किंवा रिमची भोके ताणली जाऊन तडकतात. चाकाची मजबुती येते ती सारख्या ताणातून, आणि पान्याने हलकेच ठोकल्यावर एका बाजूचे स्पोक साधारण एकाच स्वरात वाजतात का, यावरून तिचा अंदाज येतो.

टायर न काढण्याचा सल्लाही ट्यूब असलेल्या चाकासाठी घातक आहे, कारण बरेच आवळल्यावर स्पोकचे टोक निपलच्या बाहेर येऊन रिमपट्टीतून (रिम आणि ट्यूब यांमधल्या पट्टीतून) ट्यूबमध्ये घुसू शकते.

पाना हाती घेण्याआधी चाक धरून आडवे हलवून पाहावे. बेअरिंगमध्ये खेळ (ढिलेपणा) असेल तर चांगली रिमही वाकडी भासते. शिवाय अनेक गाड्यांत रिम हबच्या बरोबर मध्यावर नसते, म्हणून स्पोक सैल करण्यापूर्वी हबच्या कडेपासून रिमपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. ते चुकले, तर आऊट निघूनही मागचे चाक पुढच्याच्या रेषेत येत नाही.