मे महिन्यात चॉकलेट पाठवता कशाला?

सलग तिसऱ्या मे महिन्यात तेच! भाचीच्या वाढदिवसाला मुलुंडला पाठवलेलं चॉकलेट डब्यातून ओघळत पोचलं. बारा सुबक तुकड्यांचा एकच तपकिरी लगदा. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

अहो, चॉकलेटमधलं कोको बटर, म्हणजे त्यातली चरबी, ३४ अंशांच्या आसपास वितळतं. मे महिन्यात मुंबईत दुपारी सावलीतच पारा ३३-३४ वर असतो. मग बंद टेम्पोत, पत्र्याच्या गोदामात काय होणार, हे विकणाऱ्याला कळत नाही? दादरहून मुलुंड लोकलने तासाभराच्या आत, आणि यांचं पार्सल भिवंडीला दोन दिवस मुक्कामाला! बर्फाच्या पॅकचे वेगळे पैसे घेतले ना? आत निघाली कोमट पाण्याची पिशवी!

वर सल्ला, ‘फ्रिजमध्ये ठेवा, घट्ट होईल.’ होईल हो! पण वितळून पुन्हा गोठलेल्या चॉकलेटवर पांढरट थर चढतो, ते कडकन तुटत नाही, जिभेवर रवाळ लागतं. खाऊन अपाय नाही, पण हे भेट म्हणून द्यायचं?

पैसे मागितले तर ‘नाशवंत माल परत घेत नाही’. नाशवंत आहे हे माहीत होतं ना? मग भरदुपारी का फिरवलंत? थंड गाडीतून पाठवा, नाहीतर उन्हाळाभर ऑर्डरच घेऊ नका!